उजव्या दारातला स्पीकर

अण्णा,

मी गाडीत स्टिरिओ बसवला. कुणाकडून बसवून घेतला नाही, स्वतः बसवला, दोन्ही दारांमधल्या स्पीकरांसकट. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हे पहिला स्क्रू काढतानाच कळलं होतं. आणि सांगायला बसले की आणखी एक गोष्ट सांगावी लागणार हेही कळलं होतं. म्हणून दीड महिना टाळलं.

गाडी म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येईल तशी ऐटबाज मोटार नव्हे. पिकअप आहे, पांढरी, पुढे दोघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा. तुमचे जावई जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि घरात वर्तमानपत्र चाळत बसण्याऐवजी त्यांनी ही गाडी घेतली. लोअर परळला गिरण्यांच्या जागी आता चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर झालेत. त्यांच्या बाल्कन्यांत आणि गच्च्यांवर ते बागा लावून देतात. हौद्यात मातीच्या गोण्या, कुंड्या, वाऱ्यानं मान हलवणारं एखादं बकुळीचं रोप, आणि पुढे आम्ही दोघं. मी हिशेबाला किंवा मदतीला जाते असं सांगते, पण खरं म्हणजे मी गप्पा मारायला जाते. अँटॉप हिलला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीची गच्ची आहे, दादरला एक आजोबा फक्त तुळशीच लावतात, त्यांच्याकडे आठ जातींच्या तुळशी झाल्यात. या साऱ्यांविषयी येता-जाता बोलायचं. अडतीस वर्षांच्या संसारात आम्ही जेवढं बोललो नव्हतो, तेवढं या गाडीत बोललो.

म्हणजे बोलत होतो. गेल्या वर्षभरात ते हळूहळू कमी झालं. कंपनीनं गाडीबरोबर दिलेला रेडिओ साधाच होता, दारांत दोन कागदी स्पीकर. बातम्या लागल्या की हे म्हणायचे, "या डबड्यातून शब्दच कळत नाहीत." मी आवाज वाढवायची. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग त्यांनी रेडिओ लावणंच सोडलं, आणि मी काही सांगितलं तर नुसतं "हं" म्हणायला लागले. प्रश्न विचारला तरी "हं". एकदा लालबागच्या पुलाखाली मागून बस हॉर्नवर हॉर्न देत होती आणि हे शांतपणे तिच्यापुढून उजवीकडे वळले. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून जे काय ऐकवलं ते यांना ऐकू गेलं नाही, एवढीच त्यातली चांगली बाजू. घरी आल्यावर मी म्हणाले, "त्या रेडिओच्या खरखरीनं लक्ष उडतं माणसाचं. आपण चांगला बसवू या." रेडिओ तेव्हा बंद होता. तरी हे लगेच म्हणाले, "तेच म्हणतोय मी कधीचा." पडद्यांच्या रंगावरसुद्धा आमचं इतक्या पटकन कधी एकमत झालेलं नाही. दोष कुठे आहे ते मला ठाऊक होतं, अण्णा. मी तो एकदा पाहिलेला होता, तुमच्या दुकानात. पण तोंड उघडून सांगण्यापेक्षा दोन स्पीकर बदलणं सोपं वाटलं.

गिरगावातलं ते दुकान आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण त्या जागेवरून जाताना मला अजून सोल्डरिंगच्या राळेचा वास येतो. तुम्ही स्टुलावर बसलेले आहात, समोर कुणाचा तरी रेडिओ पोट उघडून पडलाय, आणि मी कॉन्व्हेंट शाळेतून निळ्या पिनाफोरमध्ये तशीच आलेय. तुमची पद्धत अशी की सेट दुरुस्त झाला तरी त्याची पाठ, म्हणजे मागचं झाकण, लगेच लावायची नाही. सेट रस्त्याच्या बाजूला तोंड करून ठेवायचा आणि मला पलीकडच्या फुटपाथवर पिठाच्या गिरणीसमोर उभं करायचं. "जवळून सगळं बरंच वाटतं, बाय. तिकडून ऐकून सांग." मी तिथे दप्तरासकट उभी. तळहात सरळ वर धरला म्हणजे आवाज स्वच्छ. हात हलवला म्हणजे खरखर. मूठ मिटली म्हणजे मागे गुणगुण आहे. मधून घोड्याची व्हिक्टोरिया जाते, हातगाडी जाते, आणि त्यांच्या वरून तुम्ही माझ्या हाताकडे बघताय. आई चिडायची. "सिस्टरांनी पाहिलं तर काय म्हणतील? पोरगी भर रस्त्यात पोलिसासारखी हात करून उभी." तुम्ही म्हणायचात, "म्हणतील, हिचे कान चांगले आहेत." माझ्या दहाव्या वाढदिवसाला वर्गातल्या मुलींनी बाहुल्या आणल्या होत्या, आणि तुम्ही मला पिवळ्या मुठीचा टेस्टर दिला होता. मी शाळेत कुणाला दाखवला नाही. पण रात्री उशीखाली ठेवला.

एकदा मात्र तुम्ही माझ्यावर रागावला होतात. बाराएक वर्षांची असेन. सेट चालू झालेला मी पाहिला आणि तुम्ही चहा घेत होतात तेवढ्यात कौतुक होईल म्हणून पाठ लावून टाकली, सहाही स्क्रू घट्ट. तुम्ही सहाही काढलेत आणि माझ्या ओंजळीत ठेवलेत. "पाठ लावायची एवढी घाई कशाला? आधी ऐक." मग मला पलीकडे पाठवलंत. गुणगुण होती. मी मूठ मिटली, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून पिठाच्या गिरणीकडे तोंड केलं.

तर त्या रविवारी परळला आमच्या इमारतीच्या आवारात मी गाडी उघडून बसले. सामान आदल्या दिवशी ऑपेरा हाउसजवळून आणलं होतं. दुकानदार सारखा म्हणत होता, "आंटी, फिटिंग हम कर देंगे, आधा घंटा." मी म्हटलं, "फिटिंग मैं करूँगी." तो म्हणाला, "आपका लडका करेगा?" मी म्हटलं, "लडका नहीं है, लडकी है, और वो अकाउंटंट है." मग त्यानं मला निमूटपणे त्याच गाडीच्या मापाचं कपलर दिलं, म्हणजे मूळची एकही वायर कापावी लागत नाही, नुसतं एकात एक खोचायचं. तुम्हाला ते पाहून गंमत वाटली असती आणि थोडा रागही आला असता. सोल्डरिंगच नाही.

आधी बॅटरीची काळी वायर काढली. डॅशबोर्डची पट्टी प्लास्टिकच्या पट्टीनं उचकटली, चार स्क्रू, जुना रेडिओ बाहेर आला तो इतका हलका की हातात रिकामा डबा घेतल्यासारखं वाटलं. दाराची काच खाली-वर करायचं हँडल निघेना. मोबाइलवर एका माणसानं दाखवलं होतं की मागे कापडाची पट्टी घालून पुढे-मागे ओढायची, आतला चाप उडतो. मी जुन्या सुती साडीची पट्टी घातली, जातं ओढावं तशी ओढली, आणि चाप खरंच टुणकन उडाला. तो शोधण्यात वीस मिनिटं गेली. तळमजल्यावरच्या मालवणच्या वहिनी पिशवी घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्याच. "काय गो, गाडयेचा ऑपरेशन करतंस?" चाप शोधत मी गाडीखालून म्हटलं, "कान बदलतेय तिचे." त्या म्हणाल्या, "बदल, बदल. माझ्या घोवाचे पण बदलूचे आसत, त्येका बाजारातला सांगितलेला कदी ऐकाकच येणा नाय." आणि हसत गेल्या. मी हसले, पण वर आमच्या घराच्या खिडकीकडे बघून घेतलं.

स्पीकर लावण्याआधी तुमची युक्ती केली. घड्याळाच्या सेलच्या दोन टोकांना वायरी टेकवल्या. स्पीकरचा कागद बाहेर उचलला गेला म्हणजे ही वायर प्लस, आत गेला म्हणजे उलटी. मोबाइलवरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, त्यानं नुसते रंग सांगितले. मी तुमच्यावर जास्त विश्वास ठेवला. दाराच्या पत्र्याला आतून एक जाड चिकटपट्टी लावली, तिच्यामुळे दार थरथरत नाही. डावं दार पुरं केलं, नवा स्टिरिओ खोबणीत सरकवला, बॅटरीची वायर लावून वाजवून पाहिलं, आणि मला कबूल करायला हरकत नाही, नाचावंसं वाटलं. खालचा स्वर असा भरून आला की हौद्यातल्या रिकाम्या कुंड्यासुद्धा बोलल्या. मग उजव्या दाराकडे वळले. हे खिडकीतून म्हणाले, "वरण निवतंय." मी म्हटलं, "झालंच." स्पीकर बसवला, दाराचं आवरण लावलं, हँडल लावलं. वाजवून पाहिलं नाही. त्यांच्या बाजूचा स्पीकर त्यांनीच पहिल्यांदा ऐकावा, असा माझा हट्ट.

ते खाली आले, चालकाच्या जागी बसले, मी बाहेर डाव्या खिडकीशी उभी राहिले. एक जुनं भावगीत लावलं, त्यांच्या आवडीचं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "वा," म्हणाले. मी विचारलं, "उजवीकडचा कसा वाटतो?" ते म्हणाले, "फर्स्ट क्लास. अगदी कानाशी बसून कुणी गातंय असं वाटतं." मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन शेजारी बसले आणि आवाज थोडा कमी केला. मग मला ते जाणवलं. गाणं फक्त माझ्या दारातून येत होतं. मी त्यांच्या अंगावरून हात नेऊन त्यांच्या दारावर तळवा टेकवला. तुम्ही शेवटच्या वर्षांत सेटच्या स्पीकरवरच्या कापडावर टेकवायचात तसा. दार गार, मुकं. उजव्या स्पीकरचं कपलर खोचायचंच राहिलं होतं. मी पाठ लावून मोकळी झाले होते, न ऐकता, तुमच्याकडे शिकून एक्कावन्न वर्षं झाली तरी.

आणि ते डोळे मिटून हसत होते.

अण्णा, आता ती गोष्ट. मी नोकरीला लागले होते, संध्याकाळी दुकानात डोकावायची. तुम्हाला ऐकू येणं कमी झालंय हे आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तुम्हालाही असणार. पण दुकानात तो शब्द कुणी उच्चारला नाही. तुम्ही फक्त माझ्या हाताकडे जास्त वेळ बघायला लागलात. माझ्या शाळेतल्या सिस्टरांनी समारंभासाठी त्यांचा ॲम्प्लिफायर तुमच्याकडे दुरुस्तीला दिला होता. तुम्ही तीन संध्याकाळी तो खोललात. तिन्ही वेळा मी पलीकडून हात हलवला, खरखर आहे. तिसऱ्या वेळी तुम्ही स्टुलावर बसलात आणि चहा पुढ्यात असून घेतला नाहीत. चौथ्या संध्याकाळी खरखर तशीच होती. मी तळहात सरळ वर धरला.

समारंभात तुम्ही इस्त्रीचा कोट घालून शेवटच्या रांगेत बसला होतात. प्राचार्या बोलायला उभ्या राहिल्या आणि सभागृहात तळणीत पाणी पडावं तसा आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या मुलींनी कान झाकले. तुम्ही मान हलवत ऐकत होतात, समाधानानं. शाळेनं पुन्हा काम दिलं नाही, आणि तुम्ही वर्षभर मला विचारत होतात, "सिस्टर बदलल्या वाटतं गं?" मी म्हणायची, "असेल." तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित कानाला यंत्र लावून घेतलं असतंत, दुकान आणखी चार वर्षं चाललं असतं. किंवा रागावला असतात आणि काहीच केलं नसतंत. मला ठाऊक नाही. मी तुम्हाला ते ठरवूच दिलं नाही.

म्हणून त्या दिवशी गाडीत मी गाणं बंद केलं. त्यांच्याकडे पूर्ण तोंड करून म्हणाले, "अहो, तुमच्या बाजूचा स्पीकर लागलेलाच नाही."

"काय?"

"तो बंद आहे. वायर जोडायची राहिली."

ते दाराकडे बघत राहिले. "मग मी काय ऐकलं?"

"मलाही तेच विचारायचंय."

मला वाटलं, आता चिडतील, दार उघडून वर निघून जातील. त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. "तू दोन तास उन्हात बसलीस. नाकाला ग्रीस लागलंय तुझ्या. म्हटलं, आता नाही म्हणालो तर ही पुन्हा सगळं खोलून बसेल."

मी नाक पुसलं. "कधीपासून आहे हे?"

"शिकवत होतो तेव्हापासून थोडं. मागच्या बाकांवरची कुजबुज ऐकू येईना. मला वाटलं, मुलं सुधारली."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू का नाही सांगितलंस? बसपुढून वळलो तेव्हा तुझा चेहरा पाहिला होता मी."

मग मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली, हात वर धरल्याची. इतक्या वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती. सावकाश सांगावी लागली, काही वाक्यं दोनदा. ते म्हणाले, "अण्णांना सांगायला हवं होतंस." मी म्हणाले, "हो." ते म्हणाले, "त्यांना आवडलं नसतं." मी म्हणाले, "नाही." त्यानंतर त्यांनी टॉर्च धरला आणि मी ते आवरण पुन्हा उघडलं. कपलर खोचायला अर्धं मिनिट लागलं. गाणं लावलं तेव्हा त्यांनी स्वतःच दारावर हात ठेवला. "आहे," म्हणाले. "हाताला आहे. कानाला जरा कमी आहे. चल, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते बघ."

दादरला कानाच्या दवाखान्यात गेलो, तपासणी झाली, पंधरा दिवसांनी यंत्रं आली. दोन्ही कानांमागे मावतील एवढी, तुमच्या काळातल्यासारखी खिशात डबी आणि छातीवरून वायर नाही. पहिल्या दिवशी ते घरभर फिरून ऐकत होते. स्वतःच्या चपला, फ्रीज, नळ. संध्याकाळी मी भांडी लावता लावता बोलत होते, नेहमीसारखं, स्वतःशीच. ते दारात येऊन म्हणाले, "तू हे रोज बोलतेस? माझ्याविषयी?" मी म्हटलं, "रोज." ते म्हणाले, "बरं झालं, वर्षभर सुटका होती." आता गाडीत बातम्या लागतात, त्यावर वाद होतो, आणि आवाज फार मोठा आहे म्हणून माझ्या स्टिरिओचा कान हेच पिळतात. कालच घोडपदेवला एका शाळेच्या गच्चीवर भाजीचे वाफे करायला गेलो तर परतीच्या वाटेत ते सलग बोलत होते. मला मध्ये एक शब्द टाकायला जागा मिळाली नाही.

पण दवाखान्यातलं एक सांगायचं राहिलं. यांची तपासणी झाल्यावर हे तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, "हिचीही करा, म्हणजे मला एकट्यालाच म्हातारं झाल्यासारखं वाटणार नाही." मला त्या काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर गाद्या, हातात बटण, बारीकसा स्वर ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाचं झालं, मग डाव्या कानाचं सुरू झालं. बराच वेळ काहीच येईना. काचेतून त्या मुलीचा हात दिसत होता. ती तिच्या मशीनची कळ दाबायची तेव्हा तिचा खांदा किंचित हलायचा. खांदा हलला की मी बटण दाबत गेले. ती म्हणाली, "मॅडम, एकदम नॉर्मल." हे तेव्हापासून भेटेल त्याला सांगतात की हिचे कान सोळा वर्षांच्या मुलीचे आहेत.

हे पत्र मी डाळींच्या डब्यांमागे ठेवणार आहे, तिथे त्यांचा हात जात नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही. गाडीत ते माझ्या उजव्या हाताला बसतात, अण्णा, त्यामुळे अजून निभावतंय.